शांतवन चावीवाल्याची बुडी

मी चौथी शिकलेला माणूस आहे, आणि तीही पुरी नाही. पण भिंत ओळंब्यात उभी करायची तर विरारपासून माणिकपूरपर्यंत लोक माझं नाव घेत होते, तेव्हा दोन पानं लिहायला मी कुणाची मदत घेणार नाही. नातवंडं म्हणाली, तुम्ही बोला, आम्ही फोनवर टाइप करतो. मी म्हटलं, भिंत मी बांधायची आणि सही तुम्ही करायची, असं नको. माझ्या अक्षरात 'न' आणि 'ण'ची गडबड होईल. आमच्या घरात पाण्याला पानीच म्हणतात. मास्तरांनी छडी मारून 'पाणी' करवलं, पण तहान लागली की अजून 'पानी'च येतं तोंडात.

लिहायचं कारण असं. गेल्या महिन्यात फुलपाड्याच्या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक, म्हणजे त्यांचे पाद्री, वसई भागात राजोडीला माझ्या घरी आले. तरुण आहेत, माझ्या धाकट्या मुलाहून लहान. चपला बाहेर काढून ओटीवर बसले.

"अंकल, आम्ही मंडळीचा इतिहास गोळा करतोय. हॉलमध्ये संगमरवरी पाटी बसवायची आहे. वर पहिल्या सात सभासदांची नावं. सहा मिळाली."

"सातवा शांतवन साळवे," मी म्हटलं. "लिहा."

"तोच घोळ आहे. शांतवनकाकांच्या बाप्तिस्म्याची रजिस्टरात नोंदच नाही. कमिटी म्हणते, बाप्तिस्मा नाही तर सभासद नाही, आणि सभासद नाही तर पाटीवर नाव नाही. सहांपैकी हयात एकट्या एस्तेरआजी, काकांच्याच मिसेस. त्यांना विचारलं तर म्हणतात, 'पास्कूभाऊंना विचारा.' म्हणून आलो. अंकल, काकांचा बाप्तिस्मा झाला होता का?"

प्रश्न सरळ होता. हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. मी म्हटलं, चहा घ्या. त्यांनी चहा घेतला आणि पुन्हा विचारलं. मी म्हटलं, बिस्किट घ्या. शेवटी म्हटलं, "मला काय ठाऊक? मी कॅथलिक माणूस. तुमच्या पाण्यातलं मला काय कळतं?"

ते गेले. पण तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. ज्या माणसाने ती मंडळी उभी केली त्याचंच नाव मंडळीच्या पाटीवर येणार नव्हतं, आणि ते माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळे. ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे. झालं ते जसं झालं तसं लिहितो. त्याचा अर्थ मला विचारू नका, मलाच लागलेला नाही.

शांतवन मला पहिल्यांदा दिसला तो रस्त्यावर आडवा पडलेला. फुलपाड्याला तेव्हा चाळी उठत होत्या आणि मी एका चाळीचं प्लास्टर करत होतो. सकाळी कामावर येतो तर हा एवढा सहा फुटी माणूस रस्त्यात उपडा, एक कान लोखंडी दांड्याला लावलेला. मला वाटलं, गेला. मी धावलो. त्याने न बघता एक बोट वर केलं.

"गप. पाणी येतंय."

नगरपालिकेत तो पाणी सोडायच्या कामावर होता. असल्या माणसाला आमच्याकडे चावीवाला म्हणतात. खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, आणि आटे फिरवून या गल्लीचं पाणी बंद, त्या गल्लीचं चालू करायचं. बाकीचे चावीवाले आटे फिरवून चहाला जात. हा चावीला कान लावून बसे. म्हणे, नळाला थेंब यायच्या आधी लोखंडाला कळतं. आणि खरंच, हा उठून उभा राहिला की बायका हंडे घेऊन बाहेर येत. बायका घड्याळ बघत नसत, हा उठला की नाही ते बघत.

त्याची एक बोलायची तऱ्हा होती. कसलंही काम असो, तो म्हणे, "होईल. प्रेशर येऊ दे." मुलाला शाळेत घ्यायचं आहे, प्रेशर येऊ दे. मुलीचं लग्न जमत नाही, प्रेशर येऊ दे. एकदा माझी दाढ दुखत होती तर तेव्हाही म्हणाला, प्रेशर येऊ दे. मी त्याला शिवी दिली.

तो मूळचा नगरकडचा, देवभक्त घरातला. ख्रिस्ती, पण आमच्यासारखा नाही. हे मला आधी कळलंच नाही. मला वाटायचं ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती, देवळाला दोन मनोरे, मोठी घंटा, गावाचा सण. याच्याकडे काहीच नाही. दहा बाय बाराची खोली, त्यात रविवारी संध्याकाळी नगर-बीडकडची सात-आठ घरं बसत, गाणी म्हणत, कुणीतरी पुस्तकातून वाचे आणि सात वाजले की हा चावी घेऊन पाणी सोडायला पळे. उपदेश कुठपर्यंत आला त्याची पर्वा नाही. "आमेन, पाणी," एवढं म्हणून उठायचा. त्याच्यामागे बायकाही उठत, कारण हंडे भरायचे असत.

पुढे त्यांनी एक गाळा घेतला, पिठाच्या गिरणीला लागून. तेव्हा तो मला शोधत आला.

"मेस्त्री, आमच्या मंडळीसाठी एक टाकी बांधायची आहे."

आमच्याकडे मंडळी म्हणजे बायको. मी म्हटलं, "वहिनींना विचारून घे, मोरीत हवी की ओट्याखाली."

"सात फूट लांब, चार रुंद. कमरेवर पाणी आलं पाहिजे."

"बायको पोहते काय तुझी?"

तो एवढा हसला की गिरणीवाला बाहेर आला. मग त्याने मला समजावलं. त्यांच्यात उपासनेला जमणाऱ्या संगतीला मंडळी म्हणतात. आणि त्यांच्यात तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी घालत नाहीत. माणूस मोठा झाला, त्याला कळायला लागलं, तो स्वतः म्हणाला की मला पाहिजे, की त्याला पाण्यात पुरता बुडवतात आणि वर काढतात. एक केस कोरडा राहिला तरी चालत नाही. एवढं झालं की तो सभासद.

"आणि नाही बुडला तर?"

"तर बसेल आमच्यात, गाईल. पण महिन्याला एकदा प्रभुभोजनाचा पाव वाटतात, तो त्याला नाही."

मी म्हटलं, "आम्हाला आठ दिवसांचे असताना पाणी लावलं, आम्ही काय कच्चे राहिलो?"

तर म्हणतो, "तुमचं काय, मेस्त्री. तुमच्या पूर्वजांच्या विहिरीत पाव टाकला, म्हणे, आणि सगळा गाव पाणी पिऊन बाटला. आम्ही निदान विचारून बुडवतो."

ही चेष्टा वसईच्या माणसाशी करायला छाती लागते. दुसऱ्या कुणी केली असती तर थापी फेकून मारली असती. मी टाकी बांधून दिली. चबुतऱ्याखाली, वर फळ्या, फळ्यांवर त्यांचा उपदेशाचा मेज. टाकी चांगली होती, हे इथे लिहून ठेवतो.

गाळ्यावर पाटी रंगवली ती पेंटरने चुकवली. 'बॅप्टिस्ट मंडळी' असं पाहिजे होतं, त्याने शेवटची वेलांटी गाळली. 'बॅप्टिस्ट मंडळ, फुलपाडा.' झालं, श्रावण लागला तशी शेजारच्या गल्लीतली पोरं विचारायला आली, "काका, तुमच्या मंडळाचा गणपती किती फुटी?"

शांतवन म्हणाला, "आमच्यात मूर्ती नसते, बाळांनो."

"मग मंडळ कशाला काढलंत?"

त्याने त्या पोरांना आत बोलावून सरबत दिलं आणि त्यांच्या मांडवाच्या नळाला पाणी कमी येत होतं ते जाऊन बघून आला. वेलांटी मात्र दोन वर्षं घातली नाही. कुणी विचारलं की तेच, प्रेशर येऊ दे.

आता मूळ गोष्ट. पहिला बाप्तिस्मा ठरला, सात जणांचा. मुंबईहून एक वयस्कर पाळक येणार होते. दिवस उन्हाळ्याचे, फुलपाड्याला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. लोक शांतवनला म्हणाले, तूच चावीवाला, गाळ्याच्या लाइनला दोन आटे जास्त फिरव, तासात टाकी भरेल. तो म्हणाला, "ते पाणी माझं नाही."

"मग टँकर आणू."

"आणा. आणि चाळ काय म्हणेल? चावीवाल्याच्या देवाला टँकर आणि आमच्या लेकरांना हंडा."

शेवटी मंडळीतल्या प्रत्येक घराने आपल्या वाटणीच्या पाण्यातून हंडे आणून ओतले. कुणी दोन, कुणी तीन. एस्तेरवहिनींनी घरातलं पिंपच रिकामं केलं. मी बघायला गेलो होतो, माझी टाकी म्हणून. पाणी जेमतेम मांडीपर्यंत आलं. मुंबईचे पाळक म्हणाले, चालेल, आडवे करून बुडवू.

शांतवन म्हणाला, आधी बाकीचे. एकेक जण उतरायचा, पाळक त्याला मागे आडवा करायचे, 'बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने' म्हणत बुडवायचे, वर काढायचे, सगळे गाणं म्हणायचे. प्रत्येकाबरोबर पाणी उसळायचं आणि त्याच्या कपड्यांतूनही बाहेर जायचं. खरातभाऊ म्हणून त्यांचे आताचे सेक्रेटरी आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. ते आज म्हणतात, टाकी गळत होती. ते तेव्हा तिथे नव्हतेच. टाकी गळत नव्हती. पुढे गळायला लागली, ती खालची जमीन बसली म्हणून.

सातवा शांतवन उतरला तेव्हा पाणी गुडघ्याखाली गेलं होतं. पाळकांनी त्याला आडवा केला. पोट बुडालं तर गुडघे वर आले. गुडघे दाबले तर नाक वर आलं. एस्तेरवहिनी काठावरून म्हणाल्या, "अहो, श्वास सोडा!" त्याने श्वास सोडला तरी पोट वरच. पाळकांनी एका हाताने पोट दाबलं, तेव्हा डोकं वर. गाणारे गाता गाता हसायला लागले, मग शांतवनच हसायला लागला आणि माणूस हसायला लागला की बुडत नाही. पाळक घामाघूम झाले. म्हणाले, "शांतवनराव, पुढच्या वेळी. देव हेतू बघतो, पण आपला नियम पाणी बघतो."

पुढची वेळ आली नाही. म्हणजे आली, पण तो गेला नाही. दुसऱ्या खेपेला त्याला टायफॉइड होता. तिसऱ्या खेपेला एका मुलीचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं, पाणी कमी होतं, त्याने आपली पाळी तिला दिली. नंतर कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर. आणि त्यामुळे असं झालं, की मंडळी ज्याने उभी केली, गाळा ज्याने मिळवला, रविवारी बाकं ज्याने लावली, तोच सभासद नव्हता.

प्रभुभोजनाच्या रविवारी हे दिसायचं. मी तोवर तिथे जायला लागलो होतो. सकाळी माझी मिस्सा राजोडीला आणि संध्याकाळी याची उपासना. का जायचो ते सांगता येत नाही. पहिल्यांदा टाकी बघायला गेलो आणि मग पाय लागले. सेलिना, माझी बायको, म्हणायची, "दोन होड्यांवर पाय ठेवलात, मधेच फाटाल." मी आणि शांतवन शेवटच्या बाकावर बसायचो. पावाचं ताट पुढून येत येत आमच्या बाकाला यायचं. मी कॅथलिक, मला तो पाव नाही. कुणी घे म्हटलं असतं तरी मी घेतला नसता. शांतवन बिनबुडालेला, त्यालाही नाही. तो ताट दोन्ही हातांनी धरायचा आणि माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाकाला द्यायचा. तो पाव त्यानेच सकाळी आणलेला असायचा, एस्तेरवहिनींनी त्याचे तुकडे केलेले असायचे.

एका पावसाळ्यात टाकी गळायला लागली. जमीन बसली होती, हे मी मघाशी सांगितलं. गिरणीवाल्याच्या भिंतीला ओल आली आणि तो भांडायला लागला. शांतवनने मला बोलावलं. गळती शोधायची तर टाकी भरायला हवी. गच्चीवरून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपाला नळी लावली आणि ती माझी टाकी पहिल्यांदा काठोकाठ भरली. दुपारची वेळ, गाळ्यात आम्ही दोघंच. शांतवन बनियन आणि हाफ पँटवर पाण्यात उतरला आणि पायाने कोपरे चाचपायला लागला. पाणी कुठे ओढतंय ते त्याच्या पायाला कळतं, असं तो म्हणे.

"मेस्त्री, इथे. इथे ओढतंय," म्हणाला आणि शेवाळावरून त्याचा पाय सटकला. सबंध माणूस खाली. डोकं काठाला लागल्याचा आवाज मी ऐकला. मी एक मोजलं, दोन मोजले, तो वर येईना. मी गुडघ्यावर पडलो, काखेत हात घातला आणि त्याला ओढला. आणि ओढताना माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने!"

आमच्यात हे निघतंच. घास घेताना निघतं, वीज कडाडली की निघतं, बस सुटली की निघतं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो.

तो वर आला, खोकला, नाकातून पाणी काढलं. मग काठाला टेकून नुसता बसला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं. म्हणाला, "मेस्त्री, तू काय म्हणालास?"

"काही नाही. घाबरलो."

"नाही, काय म्हणालास?"

मी परत म्हणून दाखवलं. तेव्हा मला समजलं मी काय केलं आहे. मी म्हटलं, "शांतवन, हे चालत नाही ना? मी काय पाद्री आहे?"

त्याने डोकं चोळलं. म्हणाला, "कुणाला सांगू नको."

चालतं म्हणून सांगू नको, की चालत नाही म्हणून? मी विचारलं नाही. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या प्रभुभोजनाला मी त्याच्याकडे बघत होतो. ताट आलं. त्याने दोन्ही हातांनी धरलं, जरा जास्त वेळ धरलं, आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे दिलं. मी सुटकेचा श्वास टाकला. म्हणजे चालत नाही. मग घरी जाताना वाटलं, चालत नाही तर एवढा वेळ धरलं का?

मला राहवेना. मी आमच्या फादरांना गाठलं. म्हटलं, समजा एक गवंडी आहे. फादर म्हणाले, "बरं, समजलो, एक गवंडी आहे." मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या गवंड्याच्या मनात त्या वेळी काय होतं?" मी म्हटलं, हा मरू नये, एवढंच. फादर म्हणाले, "पास्कू, घरी जा. सेलिना वाट बघत असेल."

सेलिनाला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "म्हंजे तुमी त्याला कॅथलिक केलात का बॅप्टिस्ट? आता त्याचा पाद्री कोन, तुमी?"

अशी अनेक वर्षं गेली. तो निवृत्त झाला, मी थापी खाली ठेवली, मंडळीने गाळा सोडून वरच्या मजल्यावर हॉल घेतला, माझी टाकी बुजवून तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी शांतवन सकाळी चहा पिता पिता गेला.

तर पाळक येऊन गेल्यावर पुढच्याच रविवारी मी फुलपाड्याला गेलो. उपासना संपल्यावर त्यांची सभा होती. मी मागून उभा राहिलो आणि म्हटलं, मला सांगायचं आहे. पाळकांनी मला पुढे बोलावलं. मी पुढे गेलो नाही, जागेवरूनच वर लिहिलं ते सगळं सांगितलं.

खरातभाऊंनी चष्मा काढला. "म्हणजे पाय घसरून पडले."

"पडला."

"मग तो अपघात झाला. बाप्तिस्मा नव्हे."

"मी कुठे म्हणतो बाप्तिस्मा? तुम्ही विचारलंत माणूस बुडाला का. बुडाला. शेंडीपासून नखापर्यंत बुडाला. केस कोरडा नव्हता."

एक बाई मधेच म्हणाली, "पण तिघांची नावं तर घेतली ना?"

"कुणी घेतली?" खरातभाऊ म्हणाले. "एका कॅथलिक माणसाने! ना पाळक, ना साक्षीदार."

माझं डोकं तापलं. "कॅथलिक माणसाने बांधलेल्या टाकीत तुम्ही बुडालात, खरातभाऊ! तेव्हा नाक नाही मुरडलंत!"

पोरं हसली. पाळक पुस्तकाची पानं उलटत होते, पण त्यांना हवं ते सापडत नव्हतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एस्तेरवहिनी उठल्या. काठी टेकून वळल्या.

"त्या दिवशी हे घरी आले ते ओलेचिंब. मला म्हणाले, 'एस्तेर, झालं.' मी विचारलं, काय झालं? म्हणाले, 'झालं म्हणजे झालं.' मला वाटलं, टाकी झाली."

"टाकी कुठली," मी म्हटलं. "ती पुढे महिनाभर गळत होती."

"तेच ना. नंतर माझ्या ध्यानात आलं."

मी तिथेच सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, झालं होतं तर मग तो पाव का घेत नव्हता? शेवटपर्यंत का घेतला नाही?"

त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं. म्हणाले, मेस्त्री त्या बाकावर एकटा पडेल."

मला राग आला. मी त्याला थांबायला सांगितलं होतं का? मला कुणाची सोबत लागते का? दर महिन्याला एक असे किती पाव त्या माणसाने हातातून सोडले, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी बाक बदलला असता. मी हे बोलणार होतो, पण तोवर पाळक मतं घ्यायला उभे राहिले.

त्यांच्यात सगळं हात वर करून ठरतं. पाळक म्हणाले, शांतवन साळवे यांचं नाव पाटीवर घ्यावं असं ज्या सभासदांना वाटतं त्यांनी हात वर करा. हात वर गेले. खरातभाऊंचा एक हात डोक्यापर्यंत गेला, तो डोकं खाजवायला की मत द्यायला ते कळलं नाही, पण खाली आला नाही. पाळक मोजत मोजत माझ्यापाशी थांबले.

"अंकल, तुमचा हात मोजता येणार नाही. तुम्ही सभासद नाही."

मी म्हटलं, "नका मोजू. पण खाली घेणार नाही."

माझा हात सोडून नाव मंजूर झालं. इतरांच्या नावापुढे तारीख आहे, याच्या नावापुढे जागा कोरी राहणार. मला साल विचारलं, मला आठवलं नाही. पावसाळा होता, एवढं सांगितलं. खरातभाऊ म्हणाले, संगमरवरात 'पावसाळा' असं कोरता येत नाही.

तेव्हापासून मी विचार करतो आहे. वहिनी म्हणतात ते खरं असेल किंवा माझं मन राखायला त्या बोलल्या असतील. बायका असं बोलतात. पण एक प्रसंग मी पाळकांना सांगितला नाही, कारण तेव्हा तो सांगण्यासारखा वाटला नव्हता.

शांतवन जायच्या महिनाभर आधी राजोडीला आला होता. एकटाच, बसने. म्हणाला, समुद्र बघू. आम्ही सुरूच्या झाडांखालून खाली गेलो. ओहोटी संपून पाणी वर चढत होतं. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लाटेत उभा राहिला. म्हातारा झाला होता, पण उंची तेवढीच. रविवारचे पाहुणे लोक लांब फोटो काढत होते. मला चेष्टा सुचली. मी काठावरून ओरडलो, "शांतवन, आता पानी कमी नाही! घे बुडी! तुझ्या पाळकाला फोन लावू काय?"

त्याने मागे वळून बघितलं. म्हणाला, "किती वेळा, मेस्त्री?"

मला वाटलं, लोक त्याला हे किती वेळा विचारणार, असं तो वैतागून म्हणतोय. आता वाटतं, एकदा बुडालेल्याने आणखी किती वेळा बुडायचं, असं तर तो म्हणत नव्हता?

मग आम्ही बसपाशी आलो. बस सुटायला आलीच होती. शांतवन पायरीवर चढणार तर कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पाय पुसा, सगळी वाळू आत येतेय." तो खाली उतरला. एका हाताने दांडा धरला, खिशातून रुमाल काढला, आणि आधी एक पाय, मग दुसरा, बोटांच्या बेचकीपर्यंत नीट पुसला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्याने घाई केली नाही. रुमाल झटकला, घडी घातली, वाकून आत गेला आणि बस निघाली.